ओस पडलेलें केंब्रिज

विद्यार्थ्यांनीं एकत्र राहावें, एका पंगतींत जेवावें, एका छपराखालीं निजावें आणि गुरूच्या सहवासांत विद्या मिळवावी, ही कल्पना आपल्या गुरुकुलांत जशी होती तशीच ती इंग्लंडांतील जुन्या कॉलेजांतही होती. सहवासानें विद्या वाढते, यांत शंका नाहीं. परंतु ज्या सहवासानें विद्या पसरते त्याच सहवासानें रोगही पसरतो. ज्या भोजनगृहांत शंभर मुलें एका वेळीं जेवावयास बसतात, तेथें एकाचें दुखणें एकट्याचें राहत नाहीं. म्हणून सांसर्गिक रोगाची साथ आली कीं, वसतिगृह असलेल्या प्रत्येक विद्यालयापुढें तेच प्रश्न उभे राहतात. मुलांना घरीं पाठवावयाचें, कीं दारें लावून आंतच ठेवावयाचें ? आणि दाराबाहेरचें जें गांव या विद्यालयाच्या आधारावर जगतें, त्याचें काय करावयाचें ?

या प्रश्नांचीं तीन उत्तरें एकाच गांवीं, एकाच वर्षीं, तीन निरनिराळ्या प्रकारच्या माणसांनीं दिलीं. तें गांव केंब्रिज आणि तें वर्ष इ. स. १६३०. न्यूटनच्या चरित्रामुळें १६६५ सालची साथ सर्वांच्या परिचयाची झाली आहे. तिच्या ३५ वर्षें आधीं येऊन गेलेल्या या साथीची आठवण मात्र फारसें कोणी काढीत नाहीं. वास्तविक, रोगाच्या दिवसांत विद्यापीठानें कसें वागावें याचा धडा १६३० च्या हकीकतींतच अधिक स्पष्टपणें वाचावयास मिळतो.

केंब्रिजची आणि प्लेगची ओळख त्याहूनही जुनी. १३४९ सालीं, ‘काळा मृत्यु’ या नांवानें इतिहासांत कुप्रसिद्ध झालेली महामारी या गांवीं पोंचली. शेतकरी, कारागीर, धर्मोपदेशक, सर्वांचाच तिनें संहार केला. मेलेल्या धर्मोपदेशकांची जागा भरून काढणारे शिकलेले लोक तयार व्हावेत, म्हणून नॉरिचचे बिशप विल्यम बेटमन यांनीं १३५० सालीं ट्रिनिटी हॉल हें कॉलेज स्थापिलें. त्यानंतर दोनच वर्षांनीं, १३५२ सालीं, गांवांतील दोन नागरिक-संघांनीं कॉर्पस क्रिस्टी कॉलेजाचा पाया घातला. आपल्या मृत बांधवांच्या आत्म्यांसाठीं प्रार्थना व्हावी आणि विद्येचीही सोय व्हावी, हा त्यांचा हेतु होता. ऑक्सफर्ड-केंब्रिज येथील इतर जुनीं कॉलेजें राजे, राण्या, बिशप आणि सरदार यांच्या देणग्यांतून उभीं राहिलीं. हें एक कॉलेज मात्र गांवकऱ्यांनीं बांधलें. महामारींत होरपळलेल्या गांवानें विद्येला दिलेलें हें दान होतें. पुढें सुमारें २७५ वर्षांनीं तें ऋण फेडण्याची पाळी त्याच कॉलेजाच्या प्रमुखावर आली.

सतराव्या शतकांतील केंब्रिज हें लहानसें गांव होतें. विद्यापीठांत सुमारें ३,००० माणसें होतीं, आणि गांवची वस्ती त्याच्या दुपटी-अडीचपटीहून अधिक नव्हती. गांवांतील खाटिक, बेकर, शिंपी, मेणबत्त्या करणारे, कपडे धुणाऱ्या बायका, घोडे भाड्यानें देणारे, या सर्वांचें पोट कॉलेजांवर अवलंबून होतें. विद्यार्थी आणि गांवकरी यांच्यांत तंटे नेहमींचेच. बाजारावर देखरेख कोणीं करावी, वजनें-मापें कोणीं तपासावींत, यांवरून विद्यापीठ आणि नगरपालिका यांच्यामध्यें कित्येक पिढ्यांचें वैर चालत आलें होतें. विद्यापीठाचा व्हाइस-चॅन्सेलर, म्हणजे कुलगुरु, हा नुसता विद्वान अधिकारी नसे. गांवाच्या कारभारांतही त्याचा शब्द चाले. तेव्हां संकटाच्या वेळीं त्यानें गांवांत असणें आणि नसणें यांत फार मोठें अंतर होतें.

१६३० च्या वसंत ऋतूंत प्लेगनें गांवांत पाऊल टाकलें. एप्रिल महिना संपतो न संपतो तोंच विद्यापीठ जवळजवळ विसर्जित झाल्यासारखें झालें. व्याख्यानें, वादसभा, समारंभ सारें थांबलें. ज्यांना गांवाबाहेर घर होतें, आप्तेष्ट होते, हातांत पैसा होता, ते निघून गेले. त्यांना कोणी भ्याड म्हणूं नये. रोग कसा होतो हें ठाऊक नव्हतें, औषध नव्हतें. ‘लवकर निघा, दूर जा, उशिरां परता’ हाच त्या काळच्या वैद्यकाचा सर्वमान्य उपदेश होता, आणि त्या परिस्थितींत तो चुकीचाही नव्हता. गर्दी विरळ झाली कीं साथीचें इंधन कमी होतें, हें आजचें शास्त्रही मान्य करतें. पळून जाणें हें केंब्रिजचें पहिलें उत्तर होतें.

दुसरें उत्तर क्राइस्ट्स कॉलेजानें दिलें. या कॉलेजांत जोसेफ मीड नांवाचे एक मोठे बायबल-पंडित अध्यापक होते. सफोक परगण्यांतील सर मार्टिन स्ट्यूटव्हिल या आपल्या स्नेह्याला ते नेमानें बातमीपत्रें पाठवीत. एप्रिल १६३० मध्यें त्यांनीं लिहिलेल्या पत्रांत, रोगाच्या दिवसांत एक कॉलेज आंतून कसें चाललें होतें याचें जें वर्णन आहे, तसें वर्णन त्या काळांतील दुसऱ्या क्वचितच कोठें सांपडेल. भोजनगृहांत पूर्वी चौघाचौघांच्या २७ मंडळ्या बसत; आतां पांचही भरेनात. अध्यापकांपैकीं सातच जण उरले होते. दारांवर कडक पहारा होता. अध्यापकांखेरीज कोणीं बाहेर जावयाचें नाहीं, आणि राहिलेल्या मंडळींपैकीं बहुसंख्यांची संमति असल्याशिवाय कोणाला आंत घ्यावयाचें नाहीं, असा नियम झाला. खाटिक, बेकर आणि मेणबत्तीवाला यांनीं आपापला माल दाराशीं आणून द्यावा. तेथें कोठारी आणि आचारी यांनीं तो उचलून घ्यावा. जे नोकर अवश्य होते त्यांना आंतच राहावयास घेतलें, आणि जो बाहेर पडेल त्याला पुन्हां आंत थारा नाहीं, असें बजावलें.

या पत्रांतील कांहीं बारकावे मोठे बोलके आहेत. कॉलेजाच्या आवारांत स्त्रियांनीं राहणें ही त्या काळीं अशक्यप्राय गोष्ट. पण साथीनें तीही घडवून आणली. बिछाने घालणाऱ्या दोन बायका आणि कपडे धुणारी एक, अशा तिघींना एक खोली देऊन आंत ठेवून घेतलें. जुन्या द्वारपालाला काढून टाकलें, आणि कॉलेजाच्या न्हाव्याला दाराशेजारीं खोली देऊन दोन्ही कामें त्याच्याकडे सोंपविलीं. अशा रीतीनें आपण बंदिवानांसारखे राहत आहों, पण त्यामुळें सुरक्षित राहूं, अशी आशा मीड यांनीं व्यक्त केली आहे.

या नियमांत एक अपवाद होता, आणि त्या अपवादांतच त्या काळची समाजरचना दिसून येते. एखादें काम निघालेंच तर ‘सायझर’ विद्यार्थ्यानें आपल्या शिक्षकाची चिठ्ठी घेऊन बाहेर जावें, अशी मुभा ठेविली होती. सायझर म्हणजे गरीब विद्यार्थी. फी कमी व्हावी म्हणून तो श्रीमंत सोबत्यांची आणि अध्यापकांची चाकरी करी, त्यांचीं ताटें वाढी, त्यांचे निरोप पोंचवी. प्लेगच्या दिवसांत गांवांत जाण्याचा धोकाही त्याच्याच वांट्यास आला. भिंती कितीही उंच बांधल्या तरी बाहेरच्या जगाशीं थोडा तरी व्यवहार ठेवावाच लागतो. आणि तो व्यवहार कोणीं करावयाचा, हें बहुधा त्याच्या खिशाकडे पाहून ठरतें.

भिंतींच्या आंतलें चित्र हें असें होतें. भिंतींबाहेरचें याहून फार विदारक होतें. रोगानें माणसें मरत होतींच. पण विद्यार्थी निघून गेल्यामुळें जीं जिवंत होतीं त्यांचेंही काम गेलें. ज्याला कपडे शिवावयाचे तो नाहीं, ज्याला पाव विकावयाचा तो नाहीं, ज्याची खोली झाडावयाची तो नाहीं. दरवर्षीं सप्टेंबरांत भरणारी स्टरब्रिजची सुप्रसिद्ध जत्रा, जिच्यावर गांवाची वर्षाची मिळकत अवलंबून असे, तीही राजाज्ञेनें बंद झाली. रोगाचा एक घाव आणि बेकारीचा दुसरा, असे दोन घाव एकाच वेळीं बसले.

या थांबलेल्या व्यवहाराची एक आठवण इंग्रजी भाषेच्या इतिहासांत राहून गेली आहे. टॉमस हॉब्सन नांवाचा म्हातारा केंब्रिज आणि लंडन यांच्यामध्यें मालाची आणि टपालाची ने-आण करी, आणि विद्यार्थ्यांना घोडे भाड्यानें देई. दाराजवळचा जो घोडा असेल तोच घ्या, नाहींतर राहूं द्या, असा त्याचा खाक्या होता; त्यावरूनच निवड नसलेल्या निवडीला त्याचें नांव पडलें. गांवाला पाणी आणणाऱ्या पाटालाही त्याचेंच नांव आहे. प्लेगमुळें त्याच्या लंडनच्या फेऱ्या बंद झाल्या, आणि १६३१ च्या पहिल्याच दिवशीं हा वृद्ध गृहस्थ वारला. त्या वेळीं क्राइस्ट्स कॉलेजांत शिकत असलेल्या जॉन मिल्टननें त्याच्यावर दोन विनोदी मृत्युलेख लिहिले. फिरतीवर असेपर्यंत मृत्यूला तो गांठतां आला नाहीं, रिकामा बसला तेव्हां सांपडला, अशी त्यांतली कल्पना. थट्टा तरुण कवीची. पण रिकामपण हाही त्या वर्षीं एक रोग होता, ही त्यांतली गोष्ट खरी होती.

अशा वेळीं तिसरें उत्तर देणारा मनुष्य पुढें आला. त्याचें नांव डॉ. हेन्री बट्स. ते १६२६ पासून कॉर्पस क्रिस्टी कॉलेजाचे प्रमुख आणि १६२९ पासून विद्यापीठाचे व्हाइस-चॅन्सेलर होते. तरुणपणीं, १५९९ सालीं, त्यांनीं आहारावर एक गमतीदार पुस्तक लिहिलें होतें. त्यापलीकडे ग्रंथकार म्हणून त्यांची ख्याति नव्हती. प्लेग आला नसता तर त्यांचें नांव कॉलेजाच्या यादीपलीकडे कोणाला कळलेंही नसतें. त्यांनाही जातां आलें असतें. पदवी देणें, सभा घेणें, परीक्षा घेणें, या कामांसाठीं त्यांची गरज उरली नव्हती, कारण तीं कामेंच उरलीं नव्हतीं. तरीही ते राहिले. आणि दारें लावून घेऊन नव्हे, तर गांवाच्या कारभाराचा भार डोक्यावर घेऊन राहिले.

त्यांनीं काय काय केलें याचा वृत्तांत, राजाचे मुद्राधिकारी लॉर्ड कॉव्हेंट्री यांना त्यांनीं लिहिलेल्या पत्रांत आला आहे. गांवाबाहेरच्या कुरणांवर, वस्तीपासून दूर, जवळजवळ ४० झोंपड्या उभारल्या होत्या. कोणी रोगी आढळला कीं त्याला तत्काळ तेथें हलवावयाचें. त्यांच्यावर देखरेख ठेवण्यासाठीं एक जर्मन वैद्य नेमला होता. तो रात्रंदिवस रोग्यांना भेटे. गांवांत रस्त्यांवर फिरते पहारेकरी ठेविले होते. लोकांनीं विनाकारण एकमेकांत मिसळूं नये आणि कोठें गडबड झाल्यास वर्दी मिळावी, हें त्यांचें काम. आठवड्याच्या मृत्यूंचा हिशेब ठेविला जाई. एका आठवड्यांतील सर्वांत मोठा आंकडा ३१, आणि तोही एकदांच, असें बट्स समाधानानें नमूद करतात. परंतु नुकत्याच झालेल्या वादळी पावसामुळें रोग नव्या ठिकाणीं पसरला आहे, अशी भीतीही लगेच बोलून दाखवितात. मदतीची गरज असलेल्या गरिबांची संख्या हजारांच्या घरांत होती, आणि मदत करूं शकतील असे लोक हाताच्या बोटांवर मोजण्यासारखे. राजाच्या अनुमतीनें इतर ठिकाणांहून वर्गणी गोळा करण्याची खटपट करावी लागली.

बट्स यांच्या कारभाराला काळी बाजूही होती, आणि ती झांकून ठेवण्यांत अर्थ नाहीं. शेजारच्या खेड्यांना केंब्रिजच्या उपाशी लोकांची भीति वाटे. त्यांचें समाधान व्हावें म्हणून, गांवांतील गरिबांनीं तिकडे भटकूं नये यासाठीं शेतांतून घोडेस्वारांची गस्त ठेवण्याचा विचार पत्रांत आहे. अन्नाच्या शोधांत निघालेल्या भुकेल्या माणसाला घोडेस्वारानें मागें हांकावें, हें चित्र सुखद नाहीं. प्लेगच्या बंदोबस्तांत दया आणि दंड हीं दोन्ही नेहमींच बरोबर वावरतात. १८९७ सालच्या पुण्यांतील प्लेगची हकीकत ज्यांनीं वाचली आहे, त्यांना गांवाबाहेरच्या त्या झोंपड्या आणि रस्त्यांवरचे ते पहारे वाचून घरोघर शिरलेले सोल्जर आणि सेग्रिगेशन कँप आठवल्यावांचून राहणार नाहींत. फरक एवढाच कीं, पुण्यांत रँड यांचा अधिकार परक्या सत्तेचा होता, आणि लोकांना तो बंदोबस्त रोगाहूनही असह्य वाटला. केंब्रिजमध्यें हुकूम देणारा मनुष्य त्याच गल्ल्यांतून चालत होता, आणि रोग्यांइतकाच तोही रोगाच्या तावडींत होता.

पत्राच्या अखेरीस या कारभारी पुरुषाचा आवाज एकाएकीं बदलतो. आपण एकटे, निराधार, सर्वांनीं टाकून दिलेले आहों. कॉलेजांत आपल्याबरोबर एकही विद्यार्थी नाहीं आणि बाहेरही एकही दिसत नाहीं. आतां आधार परमेश्वराचाच, अशा अर्थाचे शब्द तेथें येतात. झोंपड्यांची संख्या, मृतांचा आंकडा, पहाऱ्याची व्यवस्था हें सर्व नीट मांडून झाल्यावर आलेलें हें वाक्य वाचणाऱ्याच्या मनाला चटका लावतें. ज्या चौकांत शेंकडों तरुणांचा गलबला असावयाचा, तेथें आपल्याच पावलांचा आवाज ऐकत हा उतारवयांतला मनुष्य कित्येक महिने वावरत होता.

हिंवाळ्यांत साथ ओसरली. विद्यार्थी परत आले, दुकानें उघडलीं, वादसभा पुन्हां रंगूं लागल्या. जगाची रीतच अशी कीं, संकट गेलें म्हणजे संकटांत उभा राहिलेला मनुष्यही दृष्टीआड होतो. मार्च १६३२ मध्यें राजा पहिला चार्ल्स आणि राणी केंब्रिजला आलीं. त्यांच्यापुढें विद्यार्थ्यांनीं दोन नाटकें केलीं. त्यांपैकीं पीटर हॉस्टेडच्या नाटकाला बट्स यांनीं पुढें केलें होतें. तें साफ पडलें, आणि टॉमस रँडॉल्फच्या नाटकाची वाहवा झाली. व्हाइस-चॅन्सेलरांवर टीकेचा भडिमार झाला. थोड्याच दिवसांनीं, १ एप्रिल १६३२ रोजीं, ईस्टरच्या रविवारीं, विद्यापीठापुढें प्रवचन करण्याचा त्यांचा दिवस होता. ते आलेच नाहींत. आपल्या निवासस्थानांत त्यांनीं स्वतःच्या हातानें जीवनाचा शेवट केला होता. एका फसलेल्या नाटकानें एवढें केलें, असें त्या वेळीं लोक बोलले. मनुष्याच्या अंतःकरणांत काय चालतें हें सांगण्याचा अधिकार इतिहासकाराला नाहीं. पण १६३० चे ते महिने ज्यानें एकट्यानें काढले, त्याच्या मनावर त्यांचें ओझें राहिलेंच नसेल, असें म्हणणें कठीण आहे. साथीचा हिशेब मृतांच्या आंकड्यांत मांडला जातो. पाठीमागें राहून खपलेल्या माणसांच्या थकव्याचा रकाना त्यांत नसतो.

यानंतर ३५ वर्षांनीं प्लेग पुन्हां आला. लंडनमध्यें १६६५ च्या उन्हाळ्यांत हाहाकार उडाला, आणि केंब्रिजनें जुनाच मार्ग धरला. स्टरब्रिजची जत्रा रद्द झाली; ऑगस्टच्या पहिल्या आठवड्याच्या सुमारास ट्रिनिटी कॉलेजानें आपल्या लोकांना जाण्यास मोकळीक दिली. त्याच वर्षीं बी. ए. झालेला, २२ वर्षांचा आयझॅक न्यूटन लिंकनशायरमधील वूल्सथॉर्प या आपल्या गांवीं आईच्या घरीं गेला. मार्च १६६६ मध्यें तो एकदां परतला, जूनमध्यें पुन्हां गेला, आणि एप्रिल १६६७ मध्यें कायमचा परत आला. या काळांत त्यानें कलनशास्त्र, प्रकाशाचे रंग आणि गुरुत्वाकर्षण यांविषयीं जो विचार केला, त्यानें विज्ञानाचा इतिहास बदलला. मात्र ही गोष्ट सांगतांना दोन गोष्टी विसरल्या जातात. एक अशी कीं, या विचारांची सुरुवात त्यानें केंब्रिजमध्येंच, जाण्यापूर्वी केली होती. एकांतानें बीं रुजविलें नाहीं, रुजलेल्या रोपाला वेळ दिला. दुसरी अशी कीं, त्याला जावयास घर होतें आणि घरीं शेतीभाती होती. १६६१ सालीं हाच न्यूटन सायझर म्हणून कॉलेजांत आला होता. १६३० सालीं तो क्राइस्ट्स कॉलेजांत असता, तर शिक्षकाची चिठ्ठी घेऊन प्लेगच्या गांवांत निरोप पोंचविण्याचें काम त्याच्याकडेच आलें असतें.

न्यूटन गेला तेव्हां राहिलेलाही एक जण होता, आणि तोही कॉर्पस क्रिस्टी कॉलेजाचाच. टॉमस टेनिसन हे त्या कॉलेजाचे अध्यापक आणि सेंट अँड्र्यू द ग्रेट या गांवांतील देवालयाचे उपदेशक होते. रोग्यांना धीर देत, मेलेल्यांना मूठमाती देत ते साथीच्या दिवसांत गांवांतच राहिले. आणि साथ गेल्यावर त्यांच्या पंथीयांनीं कृतज्ञतेनें त्यांना चांदीचें पात्र भेट दिलें. हेच टेनिसन १६९४ च्या अखेरीस कँटरबरीचे आर्चबिशप म्हणून निवडले गेले. बट्स यांच्या वांट्यास जें आलें नाहीं तें टेनिसन यांना मिळालें. तीन शतकांपूर्वी गांवकऱ्यांनीं बांधलेल्या कॉलेजानें दोन वेळां गांवाला आपला मनुष्य दिला, असें म्हणावयास हरकत नाहीं.

या सर्व धडपडींत रोग कशानें होतो हें कोणालाच ठाऊक नव्हतें. तें कळण्यास आणखी दोन शतकें जावीं लागलीं. १८९४ सालीं हाँगकाँग येथें अलेक्झांडर येर्सिन यांनीं प्लेगचा जंतु शोधला. १८९८ सालीं कराचींत पॉल-लुई सिमोंद यांनीं, हा जंतु उंदरांच्या अंगावरील पिसवांमार्फत पसरतो, हें प्रयोगानें दाखविलें. युरोपांतील जुन्या साथींत माणसांच्या अंगावरील पिसवांचा आणि उवांचा वांटा किती होता, याविषयीं संशोधकांत अजून वाद आहे. परंतु क्राइस्ट्स कॉलेजाचा पहारा कोठें अपुरा होता, हें त्यावरून कळून येतें. दाराशीं मनुष्य अडवितां येतो. धान्याच्या पोत्यामागून येणाऱ्या उंदराला शिक्षकाची चिठ्ठी लागत नाहीं.

सिमोंद यांचा प्रयोग होण्याच्या सुमारास प्लेग हिंदुस्थानांत येऊन पोंचला होता. सप्टेंबर १८९६ मध्यें मुंबईंत मांडवी भागांत डॉ. अकासियो व्हिएगस यांनीं तो प्रथम ओळखला, आणि मुंबईंतून लोकांची रीघ बाहेर लागली. पळून जाणें हें येथेंही पहिलें उत्तर होतें. परंतु त्याच दिवसांत भायखळ्याच्या ग्रँट मेडिकल कॉलेजांत वाल्डेमार हाफकिन येऊन बसले. एक लहानशी जागा आणि मोजके मदतनीस एवढ्यावर त्यांनीं प्लेगची लस तयार केली, आणि १० जानेवारी १८९७ रोजीं ती प्रथम स्वतःलाच टोंचून घेतली. त्यानंतर भायखळ्याच्या तुरुंगांत तिची परीक्षा झाली. पुढें परळ येथें गेलेली ही प्रयोगशाळाच १९२५ पासून हाफकिन यांच्या नांवानें ओळखली जाऊं लागली. कॉलेजाची इमारत साथीच्या वेळीं नुसती रिकामी करावयाची वास्तु नव्हे, रोगाशीं झुंजण्याचें ठिकाणही होऊं शकते, हें केंब्रिजला न सुचलेलें चौथें उत्तर मुंबईनें दिलें.

आणि तिसरें उत्तर, म्हणजे राहणाऱ्याचें उत्तर, पुण्यानें दिलें. जिनें मुलींना आणि अस्पृश्य मानलेल्या मुलांना शिकविण्यासाठीं हयात घालविली, ती सावित्रीबाई फुले प्लेगच्या रोग्यांची शुश्रूषा करीत राहिली, आणि त्याच रोगानें १० मार्च १८९७ रोजीं तिचा अंत झाला. तिच्यामागें कोणत्याही विद्यापीठाचा अधिकार नव्हता. शिकविणाऱ्यानें संकटांत आपलीं माणसें सोडूं नयेत, एवढाच तिचा अधिकार.

प्लेगवर आतां प्रभावी औषधें आहेत. वेळीं उपचार झाले तर रोगी बहुधा वांचतो. तरी वसतिगृहापुढचे ते जुने प्रश्न संपलेले नाहींत. मार्च २०२० मध्यें कोविडच्या साथीनें जगांतील विद्यापीठें पुन्हां ओस पडलीं. केंब्रिजनें विद्यार्थ्यांना घरीं जाण्यास सांगितलें, आणि २५ मार्चपासून भारतांतही टाळेबंदी सुरू झाली. त्या दिवसांत न्यूटनची गोष्ट पुष्कळांनीं पुष्कळांना सांगितली. घरीं स्वतंत्र खोली आणि शांतता असलेल्याला ती उत्साह देणारीही होती. पण दूरच्या गांवचा जो विद्यार्थी गाड्या बंद झाल्यामुळें वसतिगृहांतच अडकला, त्याच्यासाठीं खाणावळ चालविणारा जो आचारी राहिला, दारावर जो पहारेकरी उभा राहिला, त्यांची गोष्ट न्यूटनच्या गोष्टींत नाहीं. ती बट्स यांच्या गोष्टींत आहे.

साथीच्या वेळीं विद्यार्थ्यांना घरीं पाठवावें, हें बहुधा योग्यच असतें. आणि दारें लावणेंही कित्येकदां शहाणपणाचें असतें. परंतु तेवढ्यानें विद्यालयाचें कर्तव्य संपत नाहीं. चिठ्ठी घेऊन बाहेर कोणाला पाठविलें, ज्याला घर नाहीं त्याला कोठें ठेविलें, दाराबाहेरच्या गांवाला काय दिलें, आणि जो मागें राहून खपला त्याची विचारपूस साथ गेल्यावर कोणीं केली, या प्रश्नांचीं उत्तरेंही त्याला द्यावीं लागतात. १६३० सालीं केंब्रिजनें शेवटच्या प्रश्नाचें उत्तर दिलें नाहीं. ओस पडलेल्या चौकांत एकटा फिरणारा तो वृद्ध कुलगुरु अजून त्याची वाट पाहत आहे.